कुमुद, तुझ्याच गावची गोष्ट

प्रिय कुमुद,

तुझी लांबलचक ईमेल मिळाली. तुझ्या नातीला, रियाला, पर्ड्यूला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला हे वाचल्याबरोबर मी समोरच्या कुलकर्णीवहिनींचं दार वाजवून सांगून आले. त्यांना रिया कोण हे नीटसं आठवेना, पण पेढ्यांचं कबूल करून घेतल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. पेढे तुझ्या खात्यावर.

पण काय गं, आनंदाची बातमी दोन ओळींत उरकलीस आणि गाऱ्हाणं दीड पान! रिया गेल्या गेल्या मुलींच्या इंजिनिअर संघटनेची सभासद झाली, मग कृष्णवर्णीय मुलांच्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या संघटनांबरोबरच्या कसल्याशा एकत्र कार्यक्रमाला गेली, तर तुझा पारा चढला. ‘इंजिनिअर तो इंजिनिअर. प्रत्येकाची वेगळी चूल कशाला? आपण कुठे वेगळ्या डब्यातून प्रवास केला?’ असं तू लिहिलं आहेस.

बाई गं, आपण कॉलेजची सगळी वर्षं लेडीज डब्यातूनच तर प्रवास केला! तू त्यात उभ्याउभ्या गणितं सोडवायचीस, मी सेंद्रिय रसायनाच्या अभिक्रिया पाठ करायचे आणि भाजी निवडणाऱ्या बायका आपल्याला जागा करून द्यायच्या. तो डबा नसता तर डोंबिवलीहून रोज येणं तुझ्या आईने चालू दिलं असतं का? डबा वेगळा होता, पण गाडी तीच होती आणि उतरायचं स्टेशनही तेच. तुझ्या वर्गात मुली किती होत्या आणि बायकांचं स्वच्छतागृह गाठायला कुठल्या इमारतीत जावं लागायचं, हे मी इथे उगाळत नाही. तुलाच आठवत असेल.

आता मुद्द्यावर येते. तू लाफायेटला राहतेस, पर्ड्यूच्या आवारात फिरायला जातेस. तिथे पन्नास वर्षांपूर्वी काय घडलं ते कुणी तुला सांगितलं नाही का? मग मीच सांगते, वाशीत बसून.

१९६०चं दशक संपता संपता पर्ड्यूत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ८० टक्के मुलं गळत होती. हा आकडा त्यांच्या संघटनेच्याच इतिहासात दिलेला आहे. मुलं मठ्ठ नव्हती, निवडून आलेली होती. पण अभ्यासाला गट नाही, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका दाखवणारा सीनिअर नाही, प्रयोगशाळेत जोडीदार व्हायला कुणी तयार नाही. १९७१ साली एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर हे दोन विद्यार्थी डीनकडे गेले आणि म्हणाले, आम्हांला आमची एक संघटना काढू द्या. पुढे शिकागोहून आलेल्या सहा मुलांनी ती उचलून धरली. त्यांना आजही ‘शिकागो सिक्स’ म्हणतात. त्यांतल्या अँथनी हॅरिसने काय केलं असेल? देशातल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांच्या, २८८ ठिकाणच्या, अध्यक्षांना आणि डीनना पत्रं धाडली: तुमच्याकडे कृष्णवर्णीय विद्यार्थी असतील, त्यांची संघटना असेल, तर कळवा. एप्रिल १९७५मध्ये पर्ड्यूत पहिली राष्ट्रीय बैठक भरली. आले किती? ३२ कॉलेजांतून ४८ विद्यार्थी. त्यातून नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स जन्मली. पोरं तिला लाडाने ‘नेस्बी’ म्हणतात. रिया ज्या कार्यक्रमाला गेली म्हणून तू फणफणलीस, तो बहुधा त्यांचाच असणार.

म्हणजे ही वेगळी चूल कुणी हौसेने मांडली नव्हती. मुलं घरी परत जात होती, ती थांबवायची होती.

रियाच्या संघटनेचीही कथा अशीच. सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स, ‘स्वी’. मे १९५०मध्ये न्यू जर्सीतल्या एका कॅम्पवर साठेक बायका जमल्या आणि बिआट्रिस हिक्सला त्यांनी अध्यक्ष केलं. तोवर इंजिनिअरिंगमधल्या हुशार विद्यार्थ्यांचा मान करणारी टाऊ बीटा पाय ही मोठी संस्था मुलींशी कशी वागायची माहीत आहे? पात्र असली तरी सभासदत्व नाही. त्याऐवजी एक बिल्ला, ‘विमेन्स बॅज’. १९६९पर्यंत हे चाललं. मार्क सगळे आणि मान फक्त पिनेपुरता! मला तर वाटतं, त्यापेक्षा सरळ ‘येऊ नका’ म्हणाले असते तर बरं.

पण स्वीच्या बायकाही काही सगळ्या देव्हाऱ्यात बसवण्यासारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची ती संघटना बहुतेक गोऱ्या बायकांचीच होती. १९५७ साली त्यांचं अधिवेशन ह्यूस्टनला एका हॉटेलात होतं. त्याला इव्होन क्लार्क गेल्या. हॉवर्ड विद्यापीठातून मेकॅनिकलची पदवी घेणारी पहिली स्त्री, पुढे टेनेसीत अनेक वर्षं शिकवत होत्या, सुट्ट्यांत नासाचंही काम करत. पण त्या कृष्णवर्णीय, आणि ह्यूस्टन दक्षिणेत. हॉटेलवाल्यांनी अट घातली: कुणीतरी गोरी सभासद सतत सोबत असेल, तरच आत. म्हणजे बाई म्हणून जिथे तिला हक्काची जागा मिळाली होती, तिथे रंगामुळे पहारा. एका संघटनेने सगळ्यांचं भागत नाही ते इथे दिसतं. आणि म्हणूनच नंतरच्या काळात संघटना एकमेकींकडे वळल्या, ते मला फार पटतं.

१९७४ साली लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेत काम करणाऱ्या काही इंजिनिअरांनी हिस्पॅनिक इंजिनिअरांची सोसायटी काढली. १९७७ साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची निघाली. मग बऱ्याच वर्षांनी या चौघींनी, म्हणजे नेस्बी, स्वी, हिस्पॅनिक आणि मूळ रहिवाशांच्या सोसायटीने, एक आघाडी केली. ‘फिफ्टी के कोअ‍ॅलिशन’. २०१४च्या सुमारास स्त्रिया आणि कमी संख्येने असलेले समाज मिळून दरवर्षी इंजिनिअरिंगच्या ३०,००० पदव्या घेत होते. ही संख्या २०२५पर्यंत ५०,०००वर न्यायची, असं त्यांनी ठरवलं. यात मला आवडलेली गोष्ट आकडा नाही. चारही संघटनांनी तीच मोजपट्टी मानली, ती आवडली. पहिल्या वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षाला किती जातात, शाळेतल्या गणिताचं काय, तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून मुलं पुढे इंजिनिअरिंगला कशी येतील, हे सगळ्यांनी एकत्र बघायचं. नाहीतर काय होतं, प्रत्येक संघटना आपला वार्षिक अहवाल काढते, मुखपृष्ठावर हसऱ्या मुलींचा फोटो छापते आणि मोकळी होते. तसले अहवाल इथे माझ्या कपाटातही पडून आहेत.

तू म्हणशील, शैलाला अमेरिकेचं कौतुक. तसं नाही. मला खरं तर सांगायचं आहे ते ललिताबाईंबद्दल, आणि तिथे गोष्ट आपल्याकडे वळते.

ए. ललिता, १९१९चा जन्म. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची श्यामला. वडील मद्रासजवळच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी मुलीला तिथेच घातलं. १९४३ साली ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली, भारतातली पहिली. छापील प्रमाणपत्रावर पुरुषासाठीचा ‘ही’ होता, तो खोडून हाताने ‘शी’ केलेला! पुढे कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये नोकरी, भाक्रा-नांगलच्या जनित्रांचं काम, आणि घरी मुलगी वाढवणं.

जून १९६४मध्ये न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यजमान स्वी. ३५ देशांतून जवळपास पाचशे बायका. ललिताबाई त्यात गेल्या, पण कुणाच्या प्रतिनिधी म्हणून? कुणाच्याच नाही. भारतात अशी शाखाच नव्हती, म्हणून त्या खाजगी पाहुण्या म्हणून गेल्या. परत येताना मात्र रिकाम्या हाताने आल्या नाहीत. ब्रिटनची विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी फार जुनी, जून १९१९ची. महायुद्धात तोफगोळ्यांच्या कारखान्यांत बायकांनी यंत्रं चालवली, आणि पुरुष परतल्यावर कायदा करूनच त्यांना घरी पाठवलं, त्या रागातून ती निघाली. वाफेच्या टर्बाइनवाल्या पार्सन्सची बायको आणि मुलगी, दोघीही तिच्या संस्थापकांत. ललिताबाई १९६५ साली तिच्या सभासद झाल्या, भारतातल्या प्रतिनिधी झाल्या, आणि १९६७ साली दुसरी परिषद केंब्रिजला भरली तेव्हा इथल्या पाच स्त्री इंजिनिअर तिथे गेल्या. त्या काळात पाच जणींचं परदेशी जाणं म्हणजे काय, परकीय चलन, रजा, घरचे, हे तुला सांगायला नको.

तेव्हा वेगळ्या चुलीबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ललिताबाईंना ती चूलही नव्हती. दुसऱ्या देशातल्या बायकांच्या चुलीवर जाऊन त्यांनी हात शेकले. दोन परदेशी संस्थांनी एकत्र येऊन दार उघडलं नसतं, तर आपल्याकडच्या एकीचं नाव दुसरीला कळायलाही आणखी किती काळ गेला असता!

या परिषदा पुढे चालूच राहिल्या. तुरीन, क्राकोव्ह, रुआँ, आणि १९८१ साली सहावी थेट आपल्या मुंबईत. तोवर मुंबईतल्या बायकांची संघटना उभी होती: इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन, १९७३ साली बारा जणींनी काढलेली. तिचं मुख्यालय आमच्या वाशीतच, मी त्यावरून जाते येते. तू इथे आलीस की तुला नेईन. मोठी वास्तू नाही, काचेची इमारत नाही. पण तिथे नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल आहे आणि पाळणाघर आहे. कुमुद, स्त्रियांनी विज्ञानात यावं यावर मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, त्यांतली काही मीच केली. पण बाहेरगावच्या एखाद्या मुलीला मुंबईत संशोधनाची जागा मिळते, तेव्हा तिचा बाप पहिला प्रश्न विचारतो, ‘राहणार कुठे?’ आणि तीच मुलगी पुढे आई झाली की सासू विचारते, ‘बाळाला कोण बघणार?’ या दोन प्रश्नांना विटा-सिमेंटमध्ये उत्तर देणारी शास्त्रज्ञांची संस्था मला फार मोठी वाटते. भाषणात तिचा उल्लेख कमी होतो, कारण पाळणाघराच्या फोटोला ‘विज्ञान’ म्हणत नाहीत!

बरं, आता एकत्र येऊन नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे तुझा ‘याने काय साध्य होणार’ हा प्रश्नही निकालात निघेल. एकटी संस्था फार तर आपल्या सभासदांना विचारू शकते. पण २०१७ ते २०१९ या काळात गणित, रसायन, भौतिकी, खगोल, जीवशास्त्र अशा जगभरच्या संघांनी मिळून एक पाहणी केली. पुढाकार गणितवाल्यांचा आणि रसायनवाल्यांचा. (रसायनवाली म्हणून मी थोडी ताठ बसते.) एकच प्रश्नावली, अनेक भाषांत, ३२,०००हून अधिक शास्त्रज्ञांची उत्तरं. चौथ्या हिश्शाहून अधिक स्त्रियांनी सांगितलं की शिकताना किंवा काम करताना लैंगिक छळ सोसावा लागला. मूल झाल्यावर करिअरला बसलेला धक्का बायकांच्या उत्तरांत सगळीकडे सारखा. विषय कुठलाही, देश कुठलाही. ही पाहणी यायच्या आधी रसायनवाल्या म्हणायच्या, आमच्याकडे तसं नाही, ते भौतिकीत असतं. युरोपवाल्या म्हणायच्या, ते तिकडे आशियात असतं. एकच प्रश्न सगळ्यांना विचारल्यावर ही पळवाट बंद झाली. नोव्हेंबर २०१९मध्ये इटलीतल्या त्रिएस्तला त्याचे निष्कर्ष मांडले आणि पुढच्या वर्षी या संघांनी एक कायमची समितीच नेमली. फक्त त्या भाषांत आपल्याकडची एकही नव्हती, हे मला खटकलं. इंग्रजी येतं तेच उत्तर देतात, मग बाकीच्यांचं काय होतं?

भौतिकीवाल्यांनी तर आधीच सुरुवात केली होती. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९९ साली स्त्रियांसाठी कार्यगट नेमला, २००२ साली पॅरिसला पहिली परिषद घेतली. आपल्या इंडियन फिजिक्स असोसिएशनचा असा गट निघाला २०१७ साली, २०१९ साली हैदराबादला परिषद झाली आणि एक सनद लिहिली गेली. २०२३ साली त्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं यजमानपद भारताकडे आलं. या सगळ्यात रोहिणी गोडबोले हे नाव पुन्हा पुन्हा येतं. आपल्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या. त्या शाळेतून राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मुलगी. त्यांनी आणि राम रामस्वामींनी संपादलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ २००८ साली इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने काढलं, त्यात शंभरेक स्त्री शास्त्रज्ञांनी आपापली गोष्ट लिहिली आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये रोहिणीताई गेल्या. कण-भौतिकीतलं त्यांचं काम मला कळत नाही, पण समित्यांच्या कंटाळवाण्या कामात इतकी वर्षं टिकून राहणं हे कळतं. त्याला वेगळी चिकाटी लागते.

आता आपल्याकडच्या कोंडीबद्दल. भारतात विज्ञानाच्या मोठ्या अकादम्या तीन. अलाहाबादची १९३०ची, बंगळुरूची १९३४ची आणि दिल्लीची, जी १९३५ साली कलकत्त्यात सुरू झाली. तीन का? तर मेघनाद साहा आणि रामन यांचं जमलं नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. मोठ्या माणसांची भांडणंही मोठी असतात, संस्था जन्माला घालतात! दिल्लीच्या अकादमीला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली २०२० साली, चंद्रिमा शहा. म्हणजे पंचाऐंशी वर्षांनी. दरम्यान बी.एस्सी.च्या वर्गांत मुली निम्म्याहून अधिक झाल्या, आणि सरकारच्या २०१९-२०च्या आकडेवारीत प्रत्यक्ष संशोधनात असलेल्या स्त्रिया १६.६ टक्के. मधल्या मुली गेल्या कुठे, हे मी शिक्षिका म्हणून डोळ्यांनी बघितलं आहे. एम.एस्सी.च्या निकालानंतर लग्नाच्या पत्रिका यायच्या.

या तिन्ही अकादम्या एकत्र येऊन जे एक काम करतात त्याला मात्र मी सलाम करते. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळांत काम करायला पाठवतात. विद्यावेतन देतात, प्रवासखर्च देतात. माझी एक विद्यार्थिनी, परभणीकडची, मराठी माध्यमातली, त्यातून बंगळुरूला गेली. इथे तिने जे उपकरण फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं, ते तिथे तिच्या हातात दिलं. परत आली ती वेगळीच मुलगी. वर्गात मागच्या बाकावर बसायची ती पुढे येऊन बसली आणि मला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारायला लागली. ‘विविधता’ या विषयावर परिसंवाद घ्या की नका घेऊ, पण हे दोन महिने आणि ते रेल्वेचं तिकीट बंद करू नका, असं मला या मंडळींना सांगावंसं वाटतं.

पण कुमुद, एक गोष्ट मला सलते, आणि ती मी तुझ्याशीच बोलू शकते. आपल्याकडे या संस्था एकत्र येतात तेव्हा चर्चा स्त्रियांपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा स्त्रियांपाशीच संपते. त्यातही कोणत्या स्त्रिया? मंचावर बसलेल्यांची आडनावं वाच. तुझ्यामाझ्यासारखीच. घरात वर्तमानपत्र येणारी, काकाने लॉगॅरिदमचं पुस्तक आणून दिलेली. मी आकसाने नाही म्हणत. आपण त्याच डब्यातल्या. ‘नेचर’ने जानेवारी २०२३मध्ये आपल्या मोठ्या विज्ञानसंस्थांतले आकडे माहितीच्या अधिकारातून वगैरे गोळा करून छापले: पायरी जसजशी वर जाते, पदवी, पीएच.डी., मग प्राध्यापक, तसतसे दलित आणि आदिवासी कमी कमी होत जातात. जिथे आरक्षण कायद्याने आहे तिथेसुद्धा जागा भरल्या जात नाहीत.

आणि मला साहा आठवतात. अलाहाबादची अकादमी काढणारे, ताऱ्यांचं तापमान त्यांच्या प्रकाशरेषांवरून वाचायचं सूत्र देणारे मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, आणि जात ‘खालची’. कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये वरच्या जातीच्या मुलांनी त्यांच्या पंक्तीला बसायला नकार दिला, सरस्वतीपूजेतून त्यांना बाजूला केलं. तोच मुलगा पुढे देशाची विज्ञान अकादमी काढतो! ज्या संस्थेचा पायाच अशा माणसाने घातला, त्या संस्थेच्या व्यासपीठावर जातीचा शब्द काढला की लोक घसा खाकरतात, पाण्याचा ग्लास हुडकतात. स्त्रियांबद्दल बोलणं आता शिष्टसंमत झालं. जातीबद्दल बोललं की ‘इथे फक्त गुणवत्ता बघतात’ हे ठरलेलं उत्तर येतं. टाऊ बीटा पायवालेही तेच म्हणत असतील, बिल्ला देताना.

तुझ्या अमेरिकेत तरी सुटका आहे का? आपल्या माणसांनी सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर जातही नेली. नाहीतर सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला नसता. तिथे तर आपलेच इंजिनिअर राहतात! रियाला तिच्या संघटनेत स्त्री म्हणून मोजतील, ते योग्यच. पण इंजिनिअरिंगमध्ये आपल्या लोकांची तिथे काही कमतरता नाही, तेव्हा नेस्बीतल्या मुलीला जे सोसावं लागतं ते रियाला माहीत असेलच असं नाही. त्या एकत्र कार्यक्रमाला ती गेली याचा मला म्हणूनच आनंद झाला. तुला राग आला, मला आनंद झाला. आपलं असंच चालायचं.

आणि आता हे सगळं तिथे अवघड होत चाललं आहे, हेही मी वाचते. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश बघायला मनाई केली. जानेवारी २०२५मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी आल्या आल्या विविधतेच्या सरकारी कार्यक्रमांवर कुऱ्हाड चालवली, मग नॅशनल सायन्स फाउंडेशनने दिलेली अनुदानंही रद्द होत गेली. त्यामुळे ‘वेगळ्या चुली’ आपोआप विझतील असं तुझे व्हाइस-प्रेसिडेंट जावई म्हणत असतील, तर त्यांना सांग, १९७५ साली त्या ४८ पोरांकडे कुठलं अनुदान होतं? टपालाची तिकिटं होती. सरकारचा पैसा गेला की मोठ्या परिषदा लहान होतील, काही शिष्यवृत्त्या जातील, त्याचं नुकसान खरंच आहे आणि त्याची झळ गरीब मुलांनाच बसणार. पण सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटना राजकारण्यांनी हात काढल्याने मरत नाहीत. आमची वाशीची संस्था बघ.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे: नुसत्या मेळाव्यांनी काही होत नाही. रियाला विचार, त्यांच्या सभांमध्ये पिझ्झा खाऊन फोटो काढतात, की पहिल्या वर्षाच्या मुलींना थर्मोडायनॅमिक्स कुणी शिकवतं? दुसरं असेल तर तू स्वतः जा. तू निवृत्त झालीस, पूल बांधायची अक्कल अजून शाबूत आहे, आणि वसंतरावांना संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट लागलं की तू घरात असलीस काय, नसलीस काय.

आणि फेब्रुवारीत येते आहेस ना, तर एक काम लावते. आमच्या जुन्या कॉलेजच्या मुलींसमोर तुझं भाषण ठेवायचं मी ठरवलं आहे, तुला न विचारता. या वर्षी बऱ्याच जणी रायगड-पालघरकडच्या आहेत, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या. त्यांना प्रेरणा वगैरे देऊ नकोस, ती त्यांना रोज कुणीतरी देतं. पहिल्या साइटवर मुकादमाने तुझं ऐकावं म्हणून तू काय केलंस, पगार किती मागितलास आणि किती मिळाला, गरोदर असताना मचाणावर चढायचं की नाही हे कुणी ठरवलं, ते सांग. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी चालतील, बोलायचं मात्र मराठीत. तारीख लवकर कळव, मला हॉल धरून ठेवायचा आहे.

तुझी,
शैला

ता. क. रियाला माझा आशीर्वाद सांग आणि तिचा ईमेल पत्ता पाठव. माझी ती परभणीची विद्यार्थिनी आता पीएच.डी. करते आहे आणि तिला तिकडच्या कुणाशी तरी बोलायचं आहे. दोघींचा विषय वेगळा असला तरी बिघडत नाही.